हात न उगारण्याची अट

ज्या घरात मूल भीतीशिवाय शिकतं, त्या घराच्या भिंतीसुद्धा गुरू होतात. अंबत्तूरच्या गिरीधर रावांनी हे वाक्य आपल्या हॉलच्या भिंतीवर स्वतः, निळ्या रंगात, टेबलावर उभं राहून रंगवलं होतं. आणि सरस्वतीपूजेच्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या मेव्हण्याचं डोकं त्यातल्या ‘गुरू’ या शब्दावर आपटलं. वेळ इतकी नेमकी सांगता येते ती अलमेलूबाईंच्या मनगटी घड्याळामुळे. भिंतीवरचं घड्याळ त्या वेळी पूजेत होतं. ते पूजेत का होतं, हे सांगायचं तर जूनपर्यंत मागं जावं लागेल.

जूनमध्ये सहावीतल्या हरिप्रियाच्या बोटांवर गणिताच्या बाईंनी स्टीलची पट्टी मारली. आडवी नव्हे, उभी, धारेवर. चार बोटांवर चार निळ्या रेघा घेऊन पोरगी घरी आली आणि बुटाची लेस सोडायला तिनं आत्याला हाक मारली, तेव्हा बापाला कळलं. गिरीधरनं तिची बोटं पाहिली आणि मग आपली डावी करंगळी. ती सरळ होत नाही. पाचवीत असताना मास्तरांनी फेकलेलं लाकडी डस्टर तिच्यावर बसलं होतं, आणि त्याच संध्याकाळी ‘चुकवलं का नाहीस’ म्हणून वडिलांनी, म्हणजे नारायणस्वामी रावांनी, त्याला छत्रीनं बडवलं होतं. छत्रीच्या दोन काड्या वाकल्या. छत्री पुढं दुरुस्त करून आणली. करंगळी राहिली.

दुसऱ्या दिवशी गिरीधर शाळेत गेला आणि मुख्याध्यापिकेसमोर पंचवीस मिनिटं बोलला. तमिळमध्ये सुरुवात केली, इंग्रजीत रागावला आणि शेवटचं वाक्य, बाईंना समजणार नाही हे ठाऊक असून, मराठीत म्हणाला: “माझी मुलगी या दारातून पुन्हा आत येणार नाही.” बाई तेवढा वेळ फोनवर होत्या. त्यांनी फोन खाली ठेवायच्या आत तो बाहेर पडला होता. अशा वेळी माणसानं थांबून दाखला मागायचा नसतो, परिणाम जातो.

बायकोचं, रंजनीचं, मत पडलं की ठीक आहे, एक वर्ष बघू. रंजनी अंबत्तूरच्याच एका कारखान्यात क्वालिटी तपासते. केसाच्या दहाव्या हिश्शाइतका फरक असला तरी ती अख्खी पेटी परत पाठवते; नवऱ्याच्या तत्त्वांनाही तिनं तोच नियम लावला.

“शाळेत मारतात म्हणून घरी आणतोयस ना, गिरी?”

“त्याचसाठी.”

“मग एकच अट. या घरातल्या कुणी कुणावर एकदा जरी हात उगारला, तर हरी दुसऱ्या दिवशी परत शाळेत. कोण, का, किती जोरात, ते मी ऐकून घेणार नाही.”

“अगं, माझ्या घरात? हात?” गिरीधर हसला होता. तीन महिन्यांनी तो त्या हसण्यावर विचार करत असे.

कारण स्वतःचं मूल स्वतः शिकवू लागल्यावर माणसाला पहिल्यांदा कळतं की मास्तर कुठल्या वाटेनं पट्टीपर्यंत पोचतो. गिरीधर एग्मोरच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिस सांभाळायचा. ड्यूटी दुपारची, म्हणून सकाळ शिकवायला मोकळी. वीस वर्षं त्यानं परक्या लोकांचे तेच ते प्रश्न हसून झेलले होते. पोटच्या पोरीचा एक ‘पण का, अप्पा?’ त्याला झेपेना.

नशीब इतकंच की अटीत वस्तूंचा उल्लेख नव्हता. जुलैत अपूर्णांक शिकवताना त्यानं डोशाचे आठ तुकडे केले आणि तीन अष्टमांश मागितले. हरिप्रियानं सगळ्यांत मोठे तीन उचलून दिले. त्यानं उलथनं तव्यावर असं हाणलं की दांडा तुटून खिडकीबाहेर गेला आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत जाऊन रुतला. ऑगस्टात दिवस-रात्र कशी होते ते रंजनीनं रविवारी अकरा वेळा सांगितलं आणि बाराव्यांदा पृथ्वीच्या गोलाला लाथ घातली. पृथ्वी विषुववृत्तावर उकलली. दुसऱ्या दिवशीचा धडा आपोआप सोपा झाला. सप्टेंबरात गिरीधरनं कपाटाच्या दाराला ठोसा मारून प्लायवूडला भोक पाडलं. आठवडाभर हाताला पट्टी होती. हॉटेलात तो ‘क्रिकेट’ असं सांगत होता.

“अप्पा,” हरिप्रियानं त्या भोकात डोकावून विचारलं होतं, “कपाटाला दुखत नाही म्हणून चालतं का?”

“हो.”

“आणि दुखत असतं तर?”

“लिही. बेरीज लिही.”

बाहेर मात्र गिरीधरचं नाव झालं. तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी समाजाच्या सभेत लोक त्याला कोपऱ्यात गाठून विचारू लागले. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागल्यावर त्यातला हॉटेलवाला जागा झाला. हॉटेलच्या प्रत्येक खोलीत असते तशी प्लास्टिक चढवलेली, तारेनं बांधलेली एक पुस्तिका त्यानं बनवली: ‘घरशाळा: नेहमीचे प्रश्न’. साचा हॉटेलचाच होता, त्यामुळे अकरावा प्रश्न होता, ‘मूल मध्येच शाळेत परत जाऊ शकतं का?’ आणि उत्तर, ‘होय, चोवीस तास आधी कळवल्यास.’

सरस्वतीपूजेची सुट्टी बघून त्यानं इच्छुक पालकांना घरी बोलावलं. तीन जोडप्यांनी येतो म्हणून कळवलं. एक आलं.

आता या दिवसाचा रिवाज असा की घरातली पुस्तकं, वह्या, पेनं देवीपुढं रचायची, हत्यारांना-यंत्रांना चंदनकुंकू लावायचं, सगळ्यावर रेशमी वस्त्र घालायचं, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पूजा उतरेपर्यंत त्यातल्या कशालाही बोट लावायचं नाही. पोरांचा हा सगळ्यांत लाडका सण. घरात पूजेचं सगळं गिरीधरची थोरली बहीण अंबुजाक्का बघायची. नवरा वारल्यापासून ती इथंच होती. तिनं अख्ख्या जन्मात कुणाची थट्टा केली नव्हती आणि दुसऱ्यानं केलेली तिला कळत नसे. त्या सकाळी ती दोन वह्या आणि एक नकाशांचं पुस्तक घेऊन हॉलच्या दारात उभी राहिली.

“गिरी, पोरीची बाकीची पुस्तकं कुठं ठेवलीस रे?”

“अक्का, सगळं जग हेच तिचं पुस्तक.”

“अय्यो, ते असू दे. मी पूजेचं विचारते.”

“तेच सांगतोय. ती ज्यातून शिकते ते तिचं पुस्तक.”

अक्कानं हॉलभर एकदा नजर फिरवली. “सरी, बरं तर,” म्हणाली आणि आत गेली. गिरीधरच्या तत्त्वज्ञानावर या घरात कुणाचा पूर्ण विश्वास असेल तर तो तिचा होता, हे त्याच्या तेव्हाही लक्षात आलं नाही.

दहा वाजता कृष्णस्वामी आणि त्यांची बायको अलमेलूबाई असे दोघे आले. कृष्णस्वामी सरकारी कचेरीत सुपरिंटेंडेंट. रुंद गृहस्थ, खिशाला दोन पेनं, आवाज फायली आपटून आपटून घडलेला. त्यांचा मुलगा रणवीर आठवीत होता, पण त्याला त्यांनी बरोबर आणलं नव्हतं. रंजनीचा धाकटा भाऊ श्रीवत्स सोफ्यावर आधीच पसरला होता. तो आयटी कंपनीत होता आणि सणाच्या दिवशी सर्व्हरवर लक्ष ठेवायची पाळी त्याची असल्यामुळे बहिणीकडं जेवायला आला होता. रंजनी खाली स्कूटर धूत होती.

“पहिलं सांगा,” कृष्णस्वामी म्हणाले, “पोलीस येत नाहीत ना?”

“प्रश्न पहिला, पान एक,” गिरीधर म्हणाला. “घरी शिकवणं हा गुन्हा नाही.”

“दहावी?”

“पान दोन. चौदा पूर्ण झाली की ओपन स्कूलची परीक्षा बाहेरून देता येते.”

“अन् चार पोरांत मिसळणार कशी?” हे अलमेलूबाईंनी विचारलं. हा प्रश्न बायकाच विचारतात, हे गिरीधरनं पुस्तिकेत नोंदवलं नव्हतं, पण त्याचा अनुभव होता.

“दर रविवारी इथल्या कोवलमला नेतो. किनाऱ्यावर कोळ्यांची मुलं असतात. त्यांच्यात खेळते. खरं समाजशिक्षण.”

“एकानं मला बांगडा फेकून मारला,” हरिप्रिया कोपऱ्यातून म्हणाली.

“जिवंत की मेलेला?” अलमेलूबाईंनी काळजीनं विचारलं.

“मेलेला. मग मी त्याला होडीच्या वल्ह्यानं.”

“पान चार,” गिरीधर घाईनं म्हणाला. “शिकवायचं कशातून? हा खरा प्रश्न.” आणि तो उभा राहिला. हे त्याचं आवडतं पान होतं. “आमच्याकडं पाठ्यपुस्तक नाही. कुकर घ्या. कुकर म्हणजे वाफेचा दाब. तराजू म्हणजे अपूर्णांक. मिक्सर म्हणजे विद्युत. गॅसचा लायटर, ठिणगी. भिंतीवरचं घड्याळ, कोन. ही स्टीलची पट्टी, जिनं शाळेत पोरीची बोटं फोडली, ती आमच्याकडं फक्त लांबी मोजते. आणि मामाच्या फोनवरचा नकाशा म्हणजे भूगोल.”

तो बोलत होता आणि त्याच्या पाठीमागून अक्का जात-येत होती. कुकर गेला, तराजू गेला, मिक्सर वायरीसकट गेला. घड्याळ उतरवायला तिनं स्टूल आणलं, तेव्हा कृष्णस्वामींनी उठून मदत केली. त्यांना वाटलं, तासाचा भाग असेल. सगळ्यांत शेवटी तिनं टीपॉयवरचा श्रीवत्सचा फोन उचलला, त्याला चंदनाचा टिळा लावला आणि ढिगात मधोमध ठेवला. वर आपल्या लग्नातलं रेशमी उपरणं घालून हात जोडले. स्वयंपाकघरात आता एक विळी आणि एक पातेलं उरलं होतं.

“भावोजी,” श्रीवत्स म्हणाला, “जेवायला किती वाजतील?”

उत्तर उपरण्याखालून आलं. फोन वाजत होता.

श्रीवत्स ताडकन उठला. अक्का पळी घेऊन ढिगापुढं उभी राहिली.

“अक्का, फोन द्या. ऑफिसचा आहे.”

“उद्या सकाळी साडेसातला पूजा उतरते. तेव्हा घे.”

“सर्व्हर बंद पडलाय, अक्का!”

“त्यालाही आज सुट्टी असेल.”

“तो फोन माझा आहे! पुस्तक नाही ते!”

“गिरीनं आत्ता सांगितलं. पोरगी त्यातनं भूगोल शिकते.” तिनं भावाकडं पाहिलं. “सांगितलंस की नाही रे?”

पाहुण्यांसमोर पान चार मागं घेणं गिरीधरला शक्य नव्हतं. तेवढ्यात श्रीवत्सनं उपरण्याचं टोक धरून ओढलं, अक्कानं दुसरं टोक धरलं, आणि घरशाळेचं सगळं साहित्य जमिनीवर आलं. कुकर झाकणासकट कृष्णस्वामींच्या उजव्या पायावर पडला. नखातून रक्त आलं. ते एका पायावर नाचत खाली वाकले आणि उठले तेव्हा त्यांच्या हातात पायाशी घसरत आलेली स्टीलची पट्टी होती. ती हातात बरोबर बसली असावी, कारण पाय दुखायचा थांबल्यासारखे ते शांत झाले.

“हे सगळं ठीक आहे, गिरीधरराव,” ते म्हणाले. “पण तुमच्या पुस्तिकेत मुख्य प्रश्नच नाही. मारायचं कशानं?”

“म्हणजे?”

“आमच्या रणवीरची शाळा पार बिघडली हो. चार वर्षं झाली, एका मास्तरानं पोराला हात लावला नाही. नियम आलाय म्हणतात. म्हणून तर घरी ठेवायचं म्हणतोय. घरात नियम नाही. मी छडी वापरत होतो, पण तुमची ही पट्टी,” त्यांनी ती उभी धरून धार बघितली, “ही उत्तम आहे. इकडं ये गं, पोरी. हात पुढं कर. सतरा साते?”

“एकशे एकोणीस,” हरिप्रिया म्हणाली.

उत्तर बरोबर होतं, पण पट्टी आधीच निघाली होती. ती जूनच्याच जागी बसली.

पोरगी ओरडली नाही. तिनं बोटं काखेत घातली, आणि गिरीधरनं पाहिलं की ही सवयीची हालचाल होती. त्यानंतर काय करायचं ते त्यानं ठरवलं नाही. त्याचा उजवा हात खांद्यामागून, पार मागून, कोपर बाहेर काढून वर आला. असा हात उगारायला तो कुठं शिकला नव्हता. पण छत्री याच वळणानं यायची. कृष्णस्वामींच्या कानशिलात बसलेला आवाज जिन्यात ऐकू गेला. चष्मा देवीच्या पायाशी पडला. आणि गिरीधरला जे वाटलं ते त्यानं पुढं कुणालाही सांगितलं नाही: त्याला बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा समोरचं कपाट नव्हतं.

म्हणून त्यानं दुसरी मारली. कृष्णस्वामींनी त्याची कॉलर धरून डोक्यानं त्याच्या नाकावर धडक दिली. काहीतरी करकन वाजलं आणि गरम रक्त ओठांवर आलं. “भावोजी, सोडा!” म्हणत श्रीवत्स मध्ये शिरला, त्याला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ढकललं गेलं, आणि तो त्या निळ्या वाक्यावर गेला. अलमेलूबाईंनी घड्याळात पाहिलं. मग त्यांनी घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं, पर्सचा पट्टा मनगटाला दोन वेढे गुंडाळला आणि नवऱ्याच्या पाठीत हाणली.

“माझ्या पोराला मारायला पट्टी हवी काय?” प्रत्येक शब्दाला एक. “बावीस वर्षं! मी बघते! पट्टी हवी काय!”

कृष्णस्वामी वळले, तर अक्कानं त्यांच्या मनगटावर पळी घातली, कारण ती पट्टी पूजेतली होती आणि त्यांनी ती अजून सोडली नव्हती. पट्टी सुटली. गिरीधरनं त्यांना गुडघ्याखाली पाडलं आणि हातात दुसरं काही न सापडल्यामुळे पुस्तिकेनं मारू लागला. प्लास्टिकची कड चांगली धारदार होती. नेहमीच्या प्रश्नांनी कृष्णस्वामींच्या भुवईवर तिरकी चीर पाडली. उपरण्याखालचा फोन वाजतच होता.

त्याच वेळी रंजनी वर आली. स्कूटरची दृष्ट काढायला तिनं खालून कोहळा आणला होता, वरून भोक पाडून आत कुंकवाचं पाणी भरलेला. कापूर तेवढा घ्यायचा होता. तिनं दारातून सगळं एकदा पाहिलं. अट तिचीच होती, आणि ती मोडणारी ती नव्हती. तिनं कोहळा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि माणसांच्या बरोबर मधोमध फरशीवर आपटला.

लाल पाणी छतापर्यंत उडालं. सगळे थांबले. कुणाचं रक्त किती आणि कुंकू किती हे आता सांगता येत नव्हतं. पुढं दवाखान्यात धुतल्यावर कळलं की श्रीवत्सला तीन टाके, कृष्णस्वामींना दोन, आणि गिरीधरचं नाक मोडलेलं.

“पहिला हात कुणाचा?” रंजनीनं विचारलं.

“त्यानं हरीला पट्टी—” गिरीधर म्हणाला.

“तो या घरातला नाही. घरातला पहिला हात कुणाचा?”

“पण ज्याला मारलं तोही या घरातला नाही! अट घरातल्यांनी घरातल्यांना—”

“मी ‘कुणी कुणावर’ म्हटलं होतं, गिरी. अन् हात घरातला होता.”

“रंजी, मी आपल्या पोरीसाठी मारलं. तिच्याकडं बघ.” हरिप्रियाच्या डोक्यावरून फिरवायला त्यानं तोच हात पुढं केला.

हरिप्रियानं मान खाली घातली, खांदे वर घेतले आणि डोळे मिटले. क्षणभरच. मग डोळे उघडून, आपण चुकलो असं वाटून, ती एक पाऊल जवळ आली. पण रंजनीनं पाहिलं होतं, आणि गिरीधरनंही. हात तसाच हवेत राहिला. त्यानं तो खाली घेतला आणि शर्टाला पुसला. शर्टही लालच होता.

त्यानंतर त्यानं वाद घातला नाही. अक्कानं सगळं साहित्य धुऊन पुन्हा रचलं, फोनसकट, आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला पूजा उतरल्यावरच तो श्रीवत्सला दिला. अलमेलूबाई रणवीरला घेऊन माहेरी गेल्या. जाताना त्यांनी पुस्तिकेची एक प्रत मागून नेली.

सोमवारी शाळा उघडली. गिरीधर नाकावर पट्टी लावून, हरिप्रियाचा न दुखणारा हात धरून ऑफिसच्या खिडकीशी उभा राहिला. रात्रभर त्यानं माफीचं भाषण पाठ केलं होतं, तिन्ही भाषांत. मराठीतलं शेवटचं वाक्य सर्वांत कठीण गेलं होतं. पुन्हा प्रवेश द्यायला कोणती कागदपत्रं लागतील, दाखला नाही तर काय करायचं, वर्ष वाया जाईल का, असे सात प्रश्न त्यानं कागदावर क्रमानं लिहून आणले होते. आयुष्यात पहिल्यांदा तो खिडकीच्या या बाजूला होता.

खिडकीतल्या रम्या मॅडमनी पहिला प्रश्न अर्धा ऐकला. “नाव? वर्ग?” त्यांनी हजेरीपट ओढला आणि बोट खाली नेत नेत थांबवलं.

“प्रवेश कशाला? नाव आहे की, कुणी काढलंच नाही,” त्या म्हणाल्या. “प्रार्थना सुरू होईल, पाठवा तिला आत.” आणि त्यांनी हजेरीपट त्याच्याकडं वळवला.

हरिप्रिया जी., सहावी ब. जूनपासून हजेरी चौऱ्याण्णव टक्के, तिमाही परीक्षेत गणितात एकसष्ट.